न्यूट्रॉन झेलणारं पोलाद : प्रस्तावना

लातूरच्या कुठल्याही क्लासमधल्या बारावीच्या मुलाला विचारा, ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून किती ऊर्जा मिळते? वही न उघडता तो १७.६ एमईव्ही सांगेल. संवेग अक्षय्यतेचा नियम लाव म्हटलं, तर चार ओळींत हेही काढून दाखवेल की त्यातले ३.५ एमईव्ही हेलियमच्या केंद्रकाला मिळतात आणि उरलेले १४.१ न्यूट्रॉनला. उत्तराखाली दुहेरी रेघ मारली की प्रश्न संपला, चार गुण पदरात. १४.१ एमईव्ही घेऊन निघालेला तो न्यूट्रॉन पुढे जातो कुठे, हे ना पेपर काढणारा विचारतो, ना क्लासवाले सर. प्रस्तुत पुस्तक त्या दुहेरी रेघेच्या खाली सुरू होतं.

तो जातो भिंतीत. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे पंधरा कोटी अंशांच्या प्लाझ्माला अधांतरी धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. हेलियमचं केंद्रक आतच घुटमळतं आणि प्लाझ्मा तापता ठेवतं. न्यूट्रॉन मात्र सरळ बाहेर पडतो आणि समोर येईल त्या धातूत घुसतो. ऊर्जेच्या पाच भागांतले चार भाग त्याच्याकडे असल्यामुळे वीज करायची ती मुख्यतः त्याच्याच जिवावर. भिंतीत आणि तिच्यामागच्या जाड ब्लँकेटमध्ये तो थांबला, तरच उष्णता हाती लागते. आणि जिथे तो थांबतो तिथलं पोलाद रोज थोडं थोडं बिघडत जातं. त्या बिघाडाचा हिशेब सोप्या मराठीत मांडलेला माझ्या तरी पाहण्यात नव्हता, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

फ्यूजनविषयी मराठीत लिहिलं जात नाही असं नाही. 'पृथ्वीवरचा सूर्य' या मथळ्याखाली दर दोन-तीन वर्षांनी एखादा लेख येतो. समुद्राच्या पाण्यातून इंधन, कार्बन नाही, अणुकचरा नावापुरता, असा त्याचा सूर असतो. हा सूर जुना आहे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापराविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. नियंत्रित संमीलनातून ऊर्जा मिळवण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असं भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केलं. ट्रॉम्बेची 'अप्सरा' तेव्हा सुरूही झाली नव्हती. दोन दशकं गेली, मग आणखी दोन गेली, आणि 'फ्यूजन नेहमीच तीस वर्षं लांब असतं' हा विनोद रूढ झाला. विनोद करणारे सगळा दोष प्लाझ्माला देतात. प्लाझ्मा नाठाळ आहे हे खरंच, पण त्याला वेसण घालण्याचं काम पुढे सरकत आलं आहे. माझं मत असं की उद्या प्लाझ्मा पूर्ण वठणीवर आला तरी वीजकेंद्राची तारीख पोलादच ठरवेल. पोलादाची परीक्षा घाईने उरकता येत नाही. वीस वर्षांचा मार त्याने कसा सोसला हे कळायला त्याला तेवढा मार द्यावा लागतो, आणि तो देणारं यंत्रच अजून जगात पुरतं तयार नाही.

नांदेड-लातूरकडच्या वाचकाने या भानगडीत का पडावं? हा प्रश्न मला लेखकानेच विचारला होता, बहुधा माझी परीक्षा घेण्यासाठी. आमच्याकडे अणुविज्ञान म्हणजे मुंबईला गेलेल्या हुशार पोरांचं काम, असा समज आहे. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे, हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. वेल्डिंग, उष्मोपचार, धातूची चाचणी या गोष्टी इथल्या मुलांच्या हातातल्या आहेत. संमीलनाच्या भिंतीचा प्रश्न बराचसा याच विद्येचा आहे, क्वांटम सिद्धांताचा त्यात थोडाच भाग. शिवाय फ्यूजनवाली संस्था आपल्या दाराशी आलीच आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या नळ्यांमधल्या निर्वाताची जबाबदारी गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चकडे आहे. 'आदित्य' आणि 'एसएसटी-१' हे भारताचे टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारी यंत्रं, चालवणारी संस्था तीच. लायगोत न्यूट्रॉनचा मार नाही, पण पोलादात अडकलेला हायड्रोजन कसा बाहेर काढायचा आणि किलोमीटरभर वेल्ड गळतीविना कसे टिकवायचे, ही डोकेदुखी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच.

आता मूळ विषय. लोखंडाच्या अणूवर १४.१ एमईव्हीचा न्यूट्रॉन समोरासमोर आदळला तर त्या अणूला जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळेल? हेही बारावीचंच गणित, लवचीक टकरीचं. वस्तुमानांचं गुणोत्तर एकास छप्पन्न धरलं की उत्तर येतं साधारण सात टक्के, म्हणजे ०.९७ एमईव्ही, जवळपास दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आणि लोखंडाच्या स्फटिकात आपल्या जागी बसलेल्या अणूला तिथून उखडायला लागतात सुमारे चाळीस. प्रत्येक टक्कर अशी समोरासमोर होत नाही, बहुतेक तिरप्या बसतात. तरी हजारो अणू हलवण्याइतकी ऊर्जा एका टकरीतून सहज मिळते. पहिला उखडलेला अणू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा तिसऱ्या-चौथ्यावर, आणि पिकोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, काही नॅनोमीटर रुंदीच्या एका कोपऱ्यात सगळी रांगच विस्कटते. तो कोपरा क्षणभर वितळल्यासारखा होतो. पुढच्या दहाएक पिकोसेकंदांत तो थिजतो आणि विस्कटलेले बहुतेक अणू पुन्हा कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतात. स्फटिकाला स्वतःची दुरुस्ती करता येते ही या विषयातली सगळ्यात सुखद गोष्ट. पण दुरुस्ती पूर्ण होत नाही. काही जागा रिकाम्या राहतात, काही अणू दोन रांगांच्या मध्ये घुसून अडकतात. हे रिकामे कोनाडे आणि हे घुसखोर अणू पुढची वर्षानुवर्षं धातूतून हिंडत राहतात, आपसांत भेटतात, गट करतात. पोलादाचं सगळं दुखणं त्या गटबाजीत आहे.

या माराचं माप म्हणजे डीपीए. धातूतला प्रत्येक अणू सरासरी एकदा जागेवरून हलला की एक डीपीए झाला. अणू परत जागेवर बसला तरी हललेला मोजायचा. संमीलनाच्या भिंतीवर दर चौरस मीटरला एक मेगावॉट न्यूट्रॉन-शक्ती वर्षभर पडली की पोलादात सुमारे दहा डीपीए होतात. फ्रान्समधल्या कादाराशला उभ्या राहत असलेल्या 'ईटर'मध्ये सगळ्या आयुष्यात तीनेक डीपीएच्या वर मामला जाणार नाही, कारण तो प्रयोग आहे, वीजकेंद्र नाही. त्यानंतरच्या नमुना-वीजकेंद्रांत पहिल्या ब्लँकेटने वीस आणि ते काढून बसवलेल्या दुसऱ्याने पन्नास डीपीए सोसावेत अशी अपेक्षा आहे. व्यापारी केंद्राची भाषा शंभराच्या वरची आहे. म्हणजे भिंतीतला प्रत्येक अणू शंभरदा उठून बसला पाहिजे आणि भिंत भिंतच राहिली पाहिजे.

धातूला मार बसला की तो कडक होतो हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मृगाच्या आधी फाळ, कुऱ्हाड, खुरपं पाजवायला लोहाराकडे जातं. लोहार लाल तापलेलं लोखंड ठोकतो तोवर ते ऐकतं. थंड झाल्यावर ठोकत राहिला तर ते ताठर होतं आणि शेवटी कडेला चीर जाते. म्हणून तो पुन्हा भात्यापुढे धरतो. धातुशास्त्राच्या भाषेत, धातू वाकतो तो त्याच्यातल्या डिसलोकेशन नावाच्या रेषा सरकतात म्हणून. थंड ठोकल्याने त्या रेषांची इतकी गर्दी होते की कुणालाच सरकता येत नाही. तापवलं की गर्दी पांगते. न्यूट्रॉनच्या माराने तयार झालेले घुसखोर अणूंचे वेटोळे आणि रिकाम्या जागांचे पुंजके त्याच रेषांच्या वाटेत आडवे येतात, आणि पोलाद तसंच ताठर होत जातं. फरक इतकाच की घण वरून बसतो आणि न्यूट्रॉन आरपार, जाडीच्या प्रत्येक थरात. भात्यापुढे धरण्याचा उपायही काही ठिकाणी खरोखर केला गेला आहे. रशियन बनावटीच्या काही जुन्या अणुभट्ट्यांची पात्रं जागच्या जागी साडेचारशे ते पावणेपाचशे अंशांपर्यंत तापवून त्यांचा ठिसूळपणा बराचसा घालवला. संमीलनाच्या भिंतीला मात्र हा उपाय अर्धाच लागू पडतो, कारण तिथे एक जास्तीचा पाहुणा असतो.

तो पाहुणा म्हणजे हेलियम. काही एमईव्हीच्या वरचा न्यूट्रॉन लोखंडाच्या केंद्रकात शिरला की कधीकधी त्यातून अल्फा कण बाहेर काढतो, आणि अल्फा कण म्हणजे हेलियमच. विखंडनाच्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन सरासरी दोन एमईव्हीचे. त्यांना हे क्वचित जमतं. चौदा एमईव्हीवाल्यांना सहज जमतं. म्हणून संमीलनात दर डीपीएमागे, दहा लाख अणूंत दहा-बारा हेलियम अणू तयार होतात. विखंडनाच्या भट्टीत हे प्रमाण साध्या पोलादात एकाच्याही बरंच खाली असतं. आकडा छोटा वाटेल, पण हेलियम कुठल्याही धातूत विरघळत नाही. तो रिकामी जागा शोधतो, तिथे दुसऱ्या हेलियमला बोलावतो, बुडबुडा करतो. बुडबुडे पोलादाच्या स्फटिक-दाण्यांच्या सीमांवर जमले की त्या सीमा सुटायला लागतात. आणि पोलाद तापवून ताठरपणा घालवला तरी हेलियम बाहेर पडत नाही, उलट उष्णतेने त्याचे बुडबुडे मोठे होतात.

रिकाम्या जागा एकत्र येऊन पोलादात पोकळ्याही होतात. त्या पोकळ्यांचा शोध लागला त्याची हकीकत या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात आहे आणि ती मला सगळ्यात आवडली. स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या जलद अणुभट्टीतून काढलेल्या स्टेनलेस पोलादाच्या इंधननळ्या कॉथॉर्न आणि फुल्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आत नॅनोमीटरच्या मापाच्या असंख्य पोकळ्या होत्या. १९६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पोलाद फुगतं, आणि वजन न वाढता फुगतं, हे तोवर कुणाच्या हिशेबात नव्हतं. एकदा फुगायला लागलं की ३१६ जातीचं स्टेनलेस दर डीपीएमागे साधारण एक टक्का आकारमानाने वाढू शकतं. शंभर डीपीएच्या भिंतीला हे परवडणारं नाही. नळ्या नळ्यांना टेकतात, वाकतात, शीतकाची वाट बुजते.

भारताने हा धडा कल्पाक्कममध्ये स्वतः गिरवला. तिथली फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर कादाराशच्याच 'रॅप्सोडी' या फ्रेंच भट्टीच्या धर्तीवर बांधली. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी ती क्रांतिक झाली. तिच्या उभारणीत आणि नंतर संपूर्ण केंद्राच्या नेतृत्वात एक मराठी नाव ठळक आहे : शिवराम भोजे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे, २००० ते २००४ या काळात इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक. त्या भट्टीतून निघालेल्या पोलादाची मापं जाड शिशाच्या काचेआडून, यांत्रिक हातांनी घ्यावी लागतात. नळीची लांबी, व्यास, घनता, तुटण्यापूर्वी किती ताणली गेली. हे कंटाळवाणं, वर्षानुवर्षांचं काम आहे आणि त्याच्या बातम्या होत नाहीत. पण अशाच कामाच्या आधारावर पुढच्या मोठ्या ब्रीडर भट्टीसाठी टायटॅनियम घातलेल्या, आधीच थंड ठोकून ठेवलेल्या 'डी-९' पोलादाची निवड झाली. टायटॅनियमचे बारीक कार्बाइड कण आणि थंड ठोकण्याने आलेल्या डिसलोकेशन रेषा हिंडणाऱ्या रिकाम्या जागांना आधीच धरून ठेवतात, म्हणून पोकळ्या उशिरा होतात. लोहाराने जे टाळायचं, ते इथे मुद्दाम करून ठेवायचं.

फुगण्यापेक्षा वाईट म्हणजे ठिसूळ होणं. हे समजून घ्यायला अणुभट्टी लागत नाही. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भिंतीकडेला शार्पी चाचणीचं यंत्र असतं, लोलकाला जड हातोडा लावलेलं. बहुतेक ठिकाणी ते वर्षातून दोनदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी पुसलं जातं. दहा मिलिमीटर चौरस आणि पंचावन्न लांबीचा तुकडा घ्यायचा, मधोमध दोन मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच पाडायची, खाच हातोड्याच्या उलट बाजूला ठेवून लोलक सोडायचा. साधं मऊ पोलाद असेल तर तुकडा आधी वाकतो, मग फाटतो. तुटलेली बाजू करडी, तंतुमय, बोटाला खरखरीत लागते. आता तोच तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढा. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणाल, तर लातूर-नांदेड जिल्ह्यांत कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याचे कॅन असतात. नीट ओळख काढून मागा. त्यातून काढलेला तुकडा लोलकाला जवळजवळ अडवतच नाही. काच फुटावी तसा आवाज होतो, दोन भाग उडतात, आणि तुटलेली बाजू साखरेच्या दाण्यांसारखी चमकते. एकाच पोलादाची ही दोन रूपं. त्यांच्यामधली सीमा ज्या तापमानाला येते, ते चिवट-ठिसूळ संक्रमणाचं तापमान. न्यूट्रॉनचा मार हे तापमान वर सरकवतो.

हे सरकणं विखंडनाच्या भट्ट्यांतही मोजावं लागतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या. अशा भट्ट्यांत पात्राच्या आतल्या कडेला त्याच पोलादाचे शार्पी तुकडे कुपीत घालून टांगून ठेवतात, आणि काही काही वर्षांनी एकेक कुपी बाहेर काढून तुकडे तोडून बघतात. पात्र तोडता येत नाही, म्हणून त्याचा नमुना तोडायचा. आणि तिथला मार म्हणजे एका डीपीएचा अगदी लहान अंश. युरोफर-९७ हे संमीलनासाठीच बनवलेलं पोलाद. ते तीनशे ते सव्वातीनशे अंशांना काही दशक डीपीएपर्यंत मारल्यावर त्याचं संक्रमणाचं तापमान दोनशे अंशांच्या आसपास वर गेलेलं दिसलं. मूळ शून्याच्या बरंच खाली होतं, ते आता उकळत्या पाण्याच्या वर. म्हणजे चालू भट्टीत, तापलेली असताना, भिंत चिवट असते. धोका असतो तो भट्टी दुरुस्तीसाठी बंद करून थंड झाल्यावर. औष्णिक केंद्रातलं युनिट बॉयलर ट्यूबच्या गळतीमुळे बंद पडल्याची बातमी आपल्याला नवी नाही. तिथे नळी बदलून आठवड्यात काम सुरू होतं. इथे भिंतीजवळ माणूस जाऊच शकत नाही.

म्हणून संमीलनाच्या पोलादाला एक चिंचोळी खिडकी मिळते. साडेतीनशे अंशांच्या खाली ठिसूळपणा, साडेपाचशेच्या वर ते सावकाश ताणत जातं, म्हणजे रांगतं. या दोनशे अंशांत सगळं बसवायचं. इट्रियम ऑक्साइडचे नॅनोकण पेरलेली पोलादं वरची सीमा साडेसहाशेपर्यंत नेतात, पण ती बनवायची चूर्ण दळून आणि जोडायला कठीण. नेहमीचं वेल्डिंग केलं की कण वितळलेल्या धातूत तरंगून वर येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता रसायन. औष्णिक केंद्रांत वापरलं जाणारं नऊ टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनमचं पोलाद हा संमीलनाच्या पोलादांचा पूर्वज. क्रोमियम नऊ टक्क्यांच्या आसपास असलं की ठिसूळपणा सगळ्यात कमी वाढतो, हे अनुभवाने कळलं. पण त्यातलं मॉलिब्डेनम आणि नायोबियम न्यूट्रॉन खाऊन दीर्घायुषी किरणोत्सारी होतात. नायोबियम-९४ चं अर्धआयुष्य वीस हजार वर्षांचं. कचरा नावापुरता म्हणायचं आणि वीस हजार वर्षांचा वारसा ठेवायचा, हे चालणार नव्हतं. तेव्हा मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन, नायोबियमच्या जागी टँटलम आणली. असं पोलाद शंभरेक वर्षं ठेवलं की पुन्हा वापरण्याच्या विचारापर्यंत थंड होतं. भारताची या कुळातली जात म्हणजे आयएन-आरएएफएम : नऊ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंगस्टन, ०.०६ टक्के टँटलम. टंगस्टन एक ते दोन टक्क्यांत आणि टँटलम ०.०६ ते ०.१४ मध्ये बदलून कल्पाक्कमच्या मंडळींनी ही जोडी पक्की केली. ओतकाम झालं हैदराबादच्या मिश्र धातू निगममध्ये, आपल्या भाषेत मिधानीत. नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं, रेल्वेनेही आणि इतिहासानेही. तेव्हा या पोलादाचं घर आपल्या नेहमीच्या वाटेवर आहे एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पोलादाच्या या रसायनाच्या संदर्भात लेखकाने जालन्याचा उल्लेख केला आहे, तो मला फार पटला. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई बनते. भंगारासोबत तांबं, निकेल, आणखी काय काय येतं. सळईला त्याची फारशी पर्वा नसते. संमीलनाच्या पोलादात मात्र नायोबियम, निकेल, कोबाल्ट, तांबं हे दहा लाखांत काही भाग एवढ्याच मापात चालतात. भंगार नाही, कच्चा माल निवडून घ्यायचा, भट्टीचं अस्तरही बघायचं, आधीच्या ओतकामाचा उष्टा अंश राहिला नाही ना हे तपासायचं. एका टनाला हे जमणं वेगळं आणि वीजकेंद्रासाठी हजारो टनांना जमणं वेगळं. प्लाझ्मावाल्या परिषदांत हा प्रश्न क्वचित निघतो.

मग या पोलादाची खरी परीक्षा कुठे घ्यायची? चौदा एमईव्हीचे न्यूट्रॉन पुरेशा संख्येने देणारं यंत्रच नाही, ही या क्षेत्रातली जुनी रड. अमेरिकेत लिव्हरमोरला १९८० च्या दशकात एक स्रोत चालला, पण त्यातून एका डीपीएचा लहानसा अंशच मिळाला. सध्याची आशा स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळच्या एस्कूसारला बांधल्या जाणाऱ्या 'इफमिफ-डोन्स'वर आहे. चाळीस एमईव्हीचे ड्युटेरॉन, १२५ मिलिअँपिअरचा अखंड प्रवाह, सेकंदाला पंधरा मीटर वेगाने वाहणाऱ्या द्रव लिथियमच्या पडद्यावर. पाच मेगावॉट शक्ती एका पातळ वाहत्या चादरीवर ओतायची. एवढं करून भरपूर मार मिळेल अशी जागा अर्ध्या लिटरच्या आसपास. त्यामुळे नमुनेही काडीएवढे, चकतीएवढे लागतात, आणि काडीवरून भिंतीचा अंदाज बांधण्याचं एक स्वतंत्र शास्त्रच झालं आहे.

तोवर वाकड्या वाटा. विखंडनाच्या भट्टीत मारून बघायचं, तर हेलियम कमी पडतो. आयनांचा झोत वापरायचा, तर काही तासांत शंभर डीपीए होतात, पण वरच्या मायक्रोनभराच्या थरातच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन आहे, कल्पाक्कमला १.७ दशलक्ष व्होल्टचा टँडेट्रॉन आहे. एका झोताने अणू उखडायचे आणि दुसऱ्याने हेलियम घुसवायचा, अशी युक्ती तिथे करतात. तिसरी वाट संगणकाची, आणि या वाटेबद्दल मी नांदेड-लातूरच्या मुलांना आग्रहाने सांगेन. विशाखापट्टणमच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणूंच्या या विस्कटण्याचं सांख्यिकी विश्लेषण करणारा एक गट आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये संमीलनाच्या धातूंवर स्पर्धा घेतली, ती त्या गटाच्या सॉफ्टवेअरने जिंकली. त्याला सिंक्रोट्रॉन लागला नाही, झोतही लागला नाही. 'लॅम्प्स' ही रेणवीय गतिकीची संगणकप्रणाली फुकट मिळते. लोखंडाचे दोनेक लाख अणू मांडून त्यातल्या एकाला पाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा धक्का द्यायचा, एवढा प्रयोग बऱ्यापैकी डेस्कटॉपवर रात्रीतून होतो. सकाळी किती रिकाम्या जागा उरल्या ते मोजायचं. वीज गेली तर पुन्हा, ही आपली स्थानिक अट.

पुस्तकाबद्दल दोन तक्रारी नोंदवतो. टंगस्टनवर लेखकाने पाच पानं दिली आहेत, ती अपुरी आहेत. ईटरने बेरिलियमऐवजी टंगस्टनची भिंत लावायचं ठरवल्यानंतर हा धातू केंद्रस्थानी आला आहे. तो मुळातच थंडपणी ठिसूळ, आणि न्यूट्रॉन खाऊन हळूहळू ऱ्हेनियम आणि ऑस्मियममध्ये बदलत जातो. म्हणजे बसवली ती भिंत आणि काही वर्षांनी उतरवली ती भिंत, दोन्ही वेगवेगळ्या मिश्रधातूंच्या. याचा विस्तार पुढच्या आवृत्तीत हवा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. विजेच्या खर्चाच्या प्रकरणात लेखक हळवा झाला आहे. दर चौरस मीटरला एक मेगावॉट आणि वीस डीपीएची मर्यादा धरली, तर पहिलं ब्लँकेट पूर्ण क्षमतेच्या दोन वर्षांत बदलावं लागतं. बदलायचं ते शेकडो टनांचं, किरणोत्सारी, यंत्रमानवांच्या हातून, आणि तेवढे महिने केंद्र बंद. प्रकरणातल्या गणितात भिंतीचं आयुष्य सरसकट पाच वर्षं घेतलं आहे. त्याला आधार आहे तो अजून न झालेल्या चाचण्यांचा. वाचकाने पान उलटण्याआधी कागद घ्यावा, पाचाच्या जागी दोन घालून तेच गणित पुन्हा मांडावं, आणि युनिटचा जो दर येईल तो लेखकाला कळवावा. पत्ता शेवटच्या पानावर आहे.